बुद्धिगुणांक ८२ आलेल्या मुलाला नवोदयच्या जादा तासाला बसवू नये काय?

बालाघाटचा_शिक्षक

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका प्राथमिक शाळेवर मी बारा वर्षांपासून शिक्षक आहे. आमच्या पटावरील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. ज्यांची आजी गावात असते ती मुले तिच्यापाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. उरलेली टोळीबरोबर फडावर जातात.

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका खाजगी संस्थेची माणसे येऊन चौथीच्या सर्व मुलांची बुद्धिमापन चाचणी घेऊन गेली. पत्र्याची खोली, दुपारची वेळ, पंचेचाळीस मिनिटांत साठ प्रश्न. काही दिवसांनी प्रत्येक मुलाच्या नावाने रंगीत पट्ट्यांचा अहवाल आला. चाचणीच्या आठच दिवस आधी फडावरून परतलेल्या एका मुलाच्या अहवालावर ‘बुद्धिगुणांक ८२, सामान्यापेक्षा कमी’ असे छापलेले होते. पाचवीत नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेसाठी जो जादा तास घ्यायचा आहे त्यात ९० च्या खालची मुले घेऊ नयेत, असे आमच्या मुख्याध्यापकांनी त्यावरून ठरवले आहे. अहवाल पालकांच्याही हाती गेला, आणि मुलाचे वडील मला म्हणाले, “डोकंच न्हाई म्हणतेत तर ठिवायचा कशाला सर? दोन वर्सांनी कोयत्याला येईल.”

मी त्या मुलाची उत्तरपत्रिका मागवून घेतली आणि त्याला शेजारी बसवून एकेक प्रश्न पाहिला. शेवटचे चौदा प्रश्न कोरेच होते, कारण प्रत्येक प्रश्न तो ओठ हलवत दोनदा वाचतो. ‘वेगळे पद ओळखा’ या प्रश्नात कोयता, विळा, कुऱ्हाड आणि ऊस असे चार शब्द होते. अपेक्षित उत्तर ऊस. त्याने कुऱ्हाडीला गोल केला होता. का, असे विचारल्यावर म्हणाला, “कुऱ्हाड फडात लागत न्हाई सर. बाकीचं तिन्ही एका जागी असतंय.” पस्तीस गुणिले बारा हे उभ्या मांडणीतील गणित त्याचे चुकले होते. मी तोंडी विचारले, की टनाला साडेतीनशे धरले तर बारा टनांचे किती होतील. त्याने छताकडे पाहिले आणि सांगितले, “दहाचं साडेतीन हजार, दोनाचं सातशे. बेचाळीसशे.”

हा ८२ चा आकडा नेमके काय सांगतो, तो पुढे बदलू शकतो काय, आणि त्याच्या आधारे मुलाला एखाद्या तासाबाहेर ठेवणे शास्त्राला धरून आहे काय, हे जाणकारांनी सांगावे. मुख्याध्यापकांशी बोलताना माझ्याकडे नुसती कळकळ असून चालणार नाही.

मनोमापक_संभाजीनगर

सर, उत्तरपत्रिका पाहण्याचे जे काम आपण केले तेच खरे तर चाचणी घेणाऱ्याने करायचे असते, म्हणून आधी त्याबद्दल आभार मानतो.

आकड्यापासून सुरुवात करू. मुलाचे मानसिक वय (ते कोणत्या वयाच्या सरासरी मुलाइतके प्रश्न सोडवते ते) काढून त्याला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली आणि तिला शंभराने गुणण्याची पद्धत लुईस टर्मन यांच्या १९१६ च्या चाचणीने रूढ केली. आज तो भागाकार कोणी करीत नाही. डेव्हिड वेक्सलर यांच्या १९३९ च्या चाचणीपासून पुढे आकडा काढण्याची रीतच बदलली: त्याच वयाच्या मुलांच्या नमुना गटाची सरासरी १०० धरायची, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) १५ धरायचे आणि आपले मूल त्या गटात कुठे बसते ते पाहायचे. म्हणजे ८२ हे उंची किंवा वजनासारखे माप नसून रांगेतील जागा आहे. नमुना गटातील शंभर मुलांपैकी साधारण अकरा-बारा मुले त्याच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मग पहिला प्रश्न असा, की ती रांग कोणाची होती. संस्थेने कोणत्या मुलांवर चाचणी प्रमाणित केली, कोणत्या साली केली आणि त्यांत वर्षाचे पाच महिने शाळेबाहेर असणारी मुले किती होती, हे लेखी मागा. उत्तर आले नाही, तर त्या आकड्याला रांगेतील जागा म्हणण्याचाही आधार उरत नाही.

दुसरी गोष्ट त्रुटीची. चाचणीचा विश्वसनीयता गुणांक (पुन्हा मोजले तर निकाल कितपत तसाच येईल याचे माप, जास्तीत जास्त १) ०.९० आहे असे उदारपणे गृहीत धरले, तरी मापनाची प्रमाण त्रुटी ४.७ गुणांच्या आसपास येते. म्हणजे ८२ गुण मिळवणाऱ्याचा खरा गुणांक साधारण ७३ ते ९१ या पट्ट्यात कुठेतरी आहे, इतकेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. आपल्या मुख्याध्यापकांनी आखलेली ९० ची रेघ याच पट्ट्यातून जाते. शिवाय हा हिशेब मुलाने सर्व प्रश्न वाचून सोडवले असे मानून केलेला आहे. चौदा प्रश्न कोरे असतील, तर त्या दुपारी वाचनाचा वेगच अधिक मोजला गेला, असे मी म्हणेन.

कुऱ्हाडीच्या उत्तराने मला अलेक्सांद्र लुरिया यांच्या कामाची आठवण झाली. १९३१-३२ मध्ये त्यांनी उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका अशी चित्रे दाखवून त्यांतले वेगळे कोणते ते विचारले होते. ‘हत्यारे’ असा वर्ग करून ओंडका बाजूला काढणे अपेक्षित होते. पण ओंडका नसेल तर करवतीने कापायचे काय, असे म्हणून अनेकांनी तो काढायला नकार दिला. थोडेफार शालेय शिक्षण झालेल्यांनी मात्र अपेक्षित उत्तर दिले. वस्तूंना त्यांच्या कामावरून एकत्र बांधणे हाही विचारच असतो. शाळा दुसऱ्या प्रकारचे वर्गीकरण शिकवते, आणि चाचणी त्या दुसऱ्या प्रकाराला गुण देते. आपला विद्यार्थी फडाच्या तर्काने अगदी बरोबर आहे; शाळेच्या तर्काशी त्याची ओळख कमी पडली आहे, आणि ती करून देण्यासाठीच तर जादा तास असतो.

तोंडी हिशेबाचेही तसेच. ब्राझीलमधील रेसिफी शहरात बाजारात माल विकणाऱ्या मुलांवर झालेला एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेली ९८ टक्के गणिते या मुलांनी बरोबर सोडवली. तीच आकडेमोड कागदावर, संदर्भाविना दिली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले.

जादातास_लातूर

वरील विवेचन पटण्यासारखे असले, तरी वीस वर्षे नवोदय आणि शिष्यवृत्तीचे वर्ग घेतलेल्या माणसाची दुसरी बाजूही नोंदवतो. लातूर पॅटर्नवर टीका करणे सोपे असते, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

बुद्धिमत्ता चाचणीला सरसकट मोडीत काढू नये. बुद्धिमापन चाचणीतील गुण आणि शाळेतील गुण यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून साधारण ०.५ इतका येत राहिला आहे, आणि मानसशास्त्रात एवढा ठाम संबंध फार थोड्या गोष्टींत सापडतो. वर्गात पंचवीसच जागा असतील तर कोणाला तरी नाही म्हणावे लागते. ती निवड शिक्षकाच्या नजरेवर सोडली, की सरपंचांचा नातू, स्वच्छ गणवेशातील मूल, पहिल्या बाकावर बसून मोठ्याने उत्तर देणारे मूल यांची वर्णी लागते, हे मी माझ्याच हातून घडलेले पाहिले आहे. चाचणीला निदान मुलाचे आडनाव माहीत नसते.

नवोदयच्या परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात आणि ते सगळे आकृत्यांचे असतात, एकही वाक्य वाचावे लागत नाही. आरशातील प्रतिमा, घडी घालून पाडलेली छिद्रे, आकृतीत दडलेली आकृती अशा दहा प्रकारांचे प्रत्येकी चार प्रश्न. ओठ हलवत वाचणाऱ्या मुलाला हाच भाग तारून नेतो. छिद्रांचे प्रश्न मी कधी फळ्यावर शिकवत नाही. वर्तमानपत्राच्या रद्दीचे चौकोन कापून देतो, दोन घड्या घालायला लावतो, पंच मारायला लावतो आणि उलगडण्याआधी छिद्रे कुठे दिसतील ते कोऱ्या कागदावर ठिपक्यांनी दाखवायला सांगतो. पहिल्या आठवड्यात अर्ध्याहून अधिक मुले चुकतात. तिसऱ्या आठवड्यात घडी न घालता उत्तर देऊ लागतात.

माझी सूचना एवढीच, की रंगीत अहवाल बाजूला ठेवा, पण निवड सोडू नका. जून-जुलैमध्ये सर्वांना दीड महिना शिकवा, मग आपणच परीक्षा घ्या आणि त्या गुणांवर निवडा.

मनोमापक_संभाजीनगर

लातूरच्या सरांचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे, आणि शिक्षकाच्या नजरेबद्दल त्यांनी जे प्रांजळपणे लिहिले ते तर पूर्णपणे. मात्र त्यांच्या रद्दीच्या कागदांनी एक गोष्ट आपोआप सिद्ध केली आहे. तीन आठवड्यांच्या सरावाने छिद्रांचे प्रश्न सुटू लागत असतील, तर सरावाआधी घेतलेल्या चाचणीत ते न सुटणे ही बुद्धीची उणीव म्हणता येत नाही. त्या तीन आठवड्यांत मुलाची बुद्धी वाढली असेही अर्थात नाही. त्याला एक रीत कळली. आणि ०.५ च्या सहसंबंधाचा वर्ग केला, तर शालेय गुणांतील फरकाचा सुमारे चौथा हिस्साच बुद्धिगुणांकाशी जोडता येतो. उरलेल्या तीन हिश्श्यांत हजेरी, भाषा, घर, शिक्षक आणि मुलाची चिकाटी असे सगळे येते.

बालाघाटचा_शिक्षक

दोघांचेही आभार. काल मुख्याध्यापकांशी बोललो. त्रुटीचा पट्टा त्यांना पटला, पण त्यांचा खरा मुद्दा निराळाच निघाला. ते म्हणाले, “बुद्धी अनुवंशिक असते हे शास्त्रानेच सांगितले आहे, त्याचा बाप चौथी नापास, आजा अंगठेबहाद्दर. तुम्ही खत घालून बाभळीला आंबे आणणार काय?” जुळ्या भावंडांच्या अभ्यासाचाही त्यांनी उल्लेख केला. यावर मला उत्तर देता आले नाही.

परभणीचा_पैदासकार

मी मानसशास्त्राचा नाही. परभणीला कृषी विद्यापीठात पीक पैदासशास्त्रात माझे आयुष्य गेले. पण अनुवंशिकतेचे प्रमाण, म्हणजे एकूण फरकातला किती वाटा अनुवंशाचा ते, काढण्याची जी रीत जुळ्यांच्या अभ्यासात वापरतात ती आमच्याच शेतातून तिकडे गेलेली आहे, म्हणून बाभळीचे उत्तर देण्याचा अधिकार मला थोडाफार आहे.

अमेरिकी अनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये मांडलेले उदाहरण आपल्या मातीत सांगतो. ज्वारीच्या गावरान, मिश्र बियाण्याचे एक पोते घ्या. शुद्ध वाण नको, कारण त्यात दाण्यादाण्यांतला अनुवंशिक फरक जवळजवळ नसतो. अर्धे बियाणे गोदाकाठच्या काळ्या कसदार रानात पेरा आणि अर्धे डोंगरउतारावरच्या मुरमाड रानात. दोन्ही रानांची आतली जमीन सगळीकडे सारखी आहे असे समजा. आता काळ्या रानातल्या दोन ताटांच्या उंचीत जो फरक दिसेल तो बियाण्यातला असेल. मुरमाड रानातल्या दोन ताटांमधलाही तसाच. म्हणजे दोन्ही ठिकाणी उंचीची अनुवंशिकता जवळजवळ शंभर टक्के भरेल. आणि तरीही काळ्या रानातली ज्वारी पुरुषभर उंच व मुरमावरची कमरेएवढी, हा फरक मात्र पूर्णपणे जमिनीचा असेल, कारण पोते एकच होते.

अनुवंशिकतेचा आकडा एका ठरावीक रानातल्या, ठरावीक हंगामातल्या फरकाचा असतो. एकट्या ताटाबद्दल तो काही सांगत नाही आणि दोन रानांमधल्या फरकाबद्दलही नाही. मुख्याध्यापकांची ९० ची रेघ फडावरच्या मुलाला वर्षभर शाळेत बसणाऱ्या मुलांशेजारी उभे करते, म्हणजे दोन रानांची तुलना करते.

जुळ्यांविषयी म्हणाल, तर एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास मांडला. सुस्थितीतील कुटुंबांत बुद्धिगुणांकातील फरकाचा मोठा भाग अनुवंशाकडे जात होता. अतिशय गरीब कुटुंबांत तो वाटा जवळजवळ शून्यावर आला आणि घरच्या परिस्थितीचा वाटा सुमारे साठ टक्के निघाला. पुढे पश्चिम युरोपातील आणि ऑस्ट्रेलियातील आकडेवारीत हा नमुना आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. आम्हा पैदासकारांना त्याचे नवल वाटत नाही. पाणीच मिळाले नाही, तर चांगले आणि सुमार बियाणे सारखेच खुरटते, आणि सगळ्या रानाला पाण्याची हमी असेल तेव्हाच वाणावाणांतला फरक उघडा पडतो.

बाकी, चौथी नापास बाप टोळीत राहून उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), टन आणि कपात यांचा हिशेब मुकादमाशी कसा मांडतो, हे मुख्याध्यापकांनी एकदा ऐकावे.

विषयतज्ज्ञ_ताई

मी नांदेड जिल्ह्यात गटसाधन केंद्रावर समावेशित शिक्षणाची विषयतज्ज्ञ म्हणून काम करते. वरची चर्चा वाचत असताना मुलाच्या डोळ्यांबद्दल कोणीच विचारले नाही, याचे आश्चर्य वाटले. सर, ओठ हलवत, दोनदा वाचणाऱ्या मुलाची आधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्या, आणि रक्तातील हिमोग्लोबिनही. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाकडून पत्र घेऊन जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येते. अक्षरे अंधुक दिसणाऱ्या मुलीला ‘मंद’ समजून चार वर्षे मागच्या बाकावर बसवल्याचे उदाहरण मी स्वतः हाताळले आहे. चष्मा लागल्यावर ती सहा महिन्यांत वाचू लागली.

त्यानंतरही शंका उरली, तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून व्यक्तिगत चाचणी करून घ्यावी, जीत एका वेळी एकच मूल समोर असते आणि ते थकले तर थांबता येते. आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. डॉ. वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकातच बिने यांच्या चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले, आणि ते आजही बिने-कामत चाचणी म्हणून वापरात आहे. नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांच्या चाचणीला १९६९ मध्ये भारतीय रूप दिले. भाषेचा अडसर असेल तर १९५५ ची भाटिया चाचणीमाला आहे, तीत ठोकळे, आकृत्या आणि चित्रांचे तुकडे हाताळायचे असतात. मात्र ती अकरा वर्षांपुढील मुलांसाठी आहे, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला थोडे थांबावे लागेल. या चाचण्यांचे प्रमाणक (तुलनेसाठीचे नमुना गटाचे आकडे) जुने झाले आहेत, हे आम्ही अहवालात लिहितो. आणि बौद्धिक अक्षमता ठरवताना नुसता आकडा कधीच पुरत नाही. मूल रोजचे व्यवहार कसे करते हेही तपासावेच लागते. बेचाळीसशेचा हिशेब तोंडी करणारे मूल त्या व्याख्येत बसणार नाही, एवढे मी न पाहताही सांगू शकते.

चाचणीच्या वेळेबद्दलही एक सांगायचे आहे. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेच शेतकरी उसाचे पैसे हाती येण्याआधी आकृतिबंधांच्या चाचणीत कमी गुण मिळवत होते आणि पैसे आल्यानंतर अधिक. या अभ्यासाच्या पद्धतीवर नंतर आक्षेपही घेतले गेले, म्हणून त्यावर सगळी भिस्त ठेवणार नाही. परंतु पाच महिने फडावरच्या कोपीत (झोपडीत) राहून आलेल्या मुलाला आठव्या दिवशी चाचणीला बसवू नये, हे समजायला संशोधनाची गरज नाही.

मुख्याध्यापकांना एक विचारून पाहा. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी बनवली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हुडकून त्यांना अधिक शिकवता यावे म्हणून. बुद्धी ठरलेलीच असते, ती वाढत नाही, असे मानणाऱ्यांच्या क्रूर निराशावादाविरुद्ध उभे राहिले पाहिजे, असे बिने यांनी १९०९ मध्ये लिहून ठेवले आहे. त्या हिशेबाने ८२ गुणांच्या मुलाला जादा तासाचा पहिला हक्क पोहोचतो. आपल्या शाळेत नेमके उलटे का झाले?

मनोमापक_संभाजीनगर

ताईंच्या उत्तराला एक जोड देतो, कारण ‘आकडा बदलतो काय’ या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक व्यक्तींवरील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्धिगुणांकात १ ते ५ गुणांची भर पडते असे दिसले. आपल्या विद्यार्थ्याने चार वर्षांत दरवर्षी पाच महिने शाळा बुडवली असेल, तर दहा महिन्यांच्या वर्षाप्रमाणे त्याची दोन शालेय वर्षे गेली आहेत. गटाचा निष्कर्ष एका मुलाला जसाच्या तसा लावता येत नाही, पण ९० ला किती गुण कमी पडले आणि शाळा किती बुडाली, हे दोन आकडे मुख्याध्यापकांसमोर शेजारी-शेजारी ठेवण्यास हरकत नसावी.

बालाघाटचा_शिक्षक

सर्वांचे उत्तर छापून मी मुख्याध्यापकांना वाचायला दिले. ज्वारीचे उदाहरण त्यांनी दोनदा वाचले; त्यांचे स्वतःचे रान मुरमाड आहे. जून-जुलैमध्ये पाचवीच्या सर्व मुलांना जादा तासाला बसवायचे आणि त्यानंतर लातूरच्या सरांनी सुचवल्याप्रमाणे आपली परीक्षा घ्यायची, असे ठरले आहे. संस्थेला नमुना गटाविषयी पत्र पाठवले आहे, अद्याप उत्तर नाही. नेत्रतपासणीसाठी पुढच्या मंगळवारी मी स्वतः मुलाला घेऊन बीडला जात आहे.

वडिलांशीही बोललो. त्यांनी शाळेला होकार दिला आहे, पण येत्या हंगामाची उचल त्यांनी आधीच घेतलेली आहे आणि घरी मुलाला सांभाळायला कोणी नाही. दिवाळीनंतर त्याला हंगामी वसतिगृहात ठेवण्यासाठी ठराव कधी आणि कोणाकडे द्यावा लागतो, हे ताईंनी कृपया सांगावे. मागच्या वर्षी आमच्याकडे वसतिगृह सुरू होईपर्यंत टोळ्या निघून गेल्या होत्या.